दुबईच्या मामाला पाचपैकी किती?

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
१६ जानेवारी २०२५

आक्का,

संक्रांत झाली. तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण पत्र तुझ्याआधी मुंग्यांनी वाचलं असतं म्हणून राहू दिला. यंदा नुसतंच गोड बोल.

पत्र नेहमीसारखं तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरी टाकलं तर तुझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शिक्का बघून विचारतील, की दुबईचं पोस्ट शहागंजातून कधीपासून निघायला लागलं. फोनचीही सोय नाही. तुमच्या घरातला फोन आत्याबाईंच्या कानांसाठी कायम मोठ्या आवाजावर, आणि माझा नंबर इथला. आठ वर्षांपूर्वी मी दवाखान्यात खाटेवर पडलो, रक्तात एचआयव्ही निघाला. 'तुझा भाऊ कुठं दिसत नाय?' असं आत्याबाईंनी विचारलं आणि तू घाबरून 'दुबईला गेला' म्हणून मोकळी झालीस. व्हिसा नाही, विमान नाही, अंगावर दवाखान्याची चादर. इतक्या झटपट कोणीच दुबईला गेलं नसेल. तेव्हापासून पाचोडात मी दुबईचा साहेब आहे आणि इथं बॅगांच्या दुकानात गिऱ्हाइकाला चेन उघडून-लावून दाखवतो. गेल्या महिन्यात तुमच्या गल्लीतले कडुबा दुकानात शिरले. सगळ्यांत मोठ्या बॅगेत कमरेपर्यंत घुसलो आणि अस्तर तपासत बसलो. जाताना ते मालकाला म्हणाले, 'माणूस लई मन लावून काम करतंय.'

आता बातमी. तुझा भाऊ संशोधनात शिरला आहे. अपेक्षा मॅडम म्हणून एक पोरगी आहे, कॉलेजात शिकते. एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या माणसांच्या जगण्याचा दर्जा काय, हे ती मोजते आहे. तिच्याकडे प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे झकास. प्रश्न विचारणारा आमच्यातलाच असला तर लोक मोकळं बोलतात असं तिला कोणीतरी सांगितलं, आणि आमच्यात सगळ्यांत जास्त बोलणारा कोण, असं तिनं दवाखान्यात विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आधी मला स्वतःलाच ती परीक्षा द्यावी लागली. झोप? पाच. गोळ्यांचा त्रास? काही नाही, रोजची एक. डॉक्टर म्हणतात, तुमच्या रक्तात विषाणू आता मोजणीत सापडतच नाही. लपायचं कसं हे तो माझ्याकडूनच शिकला असणार. मग प्रश्न आला, 'तुमचं दिसणं तुम्हाला स्वीकारता येतं का?' त्याला दोन दिले. खरं तर एकच द्यायचा होता, पण मॅडम समोर बसलेली, तिला वाईट वाटलं असतं. आरशासमोर उभं राहवत नाही गं. 'नातेवाइकांच्या आधाराबद्दल किती समाधानी आहात?' ह्याला प्रश्न संपायच्या आत पाच लिहून टाकले.

सोबत ते प्रश्न पाठवतो आहे. मला सराव हवा आहे, तर तू उत्तरं दे. खोटं लिहू नकोस. ते खातं तू दुबईपुरतंच ठेव.

तुझा दुबईकर,
सुदर्शन


पाचोड
२ फेब्रुवारी २०२५

सुदा,

पत्र पोषण आहाराच्या पोत्यावर बसून वाचलं. बॅगेत घुसल्याचं वाचून इतकी हसले, की पोरं खिचडी सोडून माझ्याकडे बघत बसली.

घे माझी उत्तरं. झोप: दोन. भाजीत मीठ कमी पडल्याचं आत्याबाईंना पहाटे आठवतं आणि त्या ते लगेच सांगतात. कंबर: दोन. 'आयुष्याचा आनंद किती घेता?' हे मला कळेना, म्हणून ह्यांना विचारलं, 'अहो, आपण आनंद घेतो का?' तर म्हणाले, 'मोसंबीचा बार निघू दे, मग घेऊ.' म्हणजे एक. 'स्वतःसाठी वेळ मिळतो का?' हा प्रश्न मी भांडी घासताना वाचला. नातेवाइकांचा आधार: सासरचा तीन. भाऊ दुबईला असल्यामुळे माहेरचा लागू नाही.

सगळी बेरीज करून बघितली तर माझे गुण तुझ्यापेक्षा खाली. आजार तुला आणि नापास मी! तुझ्या मॅडमला विचार, मलाही एखादी गोळी चालू करता येते का.

दिसण्याला दोन का दिलेस ते विचारत नाही.

आता माझी बातमी. तुझ्या भाचीचं, आपल्या संस्कृतीचं लग्न जमलं. मुलगा पिशोरचा आहे, नाव आकाश, बी-बियाणांच्या कंपनीत आहे. माणसं साधी आहेत. अकरा मेची तारीख धरली, लग्न आपल्या दारात. बोलणी चालू असताना मुलाचे वडील म्हणाले, 'नवरीला मांडवात आणायला दुबईचे मामा येतीलच की.' मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, 'येणार म्हंजी? इमानानं येणार!'

सगळ्या गावाला आता तुझं विमान दिसायला लागलं आहे. कडुबांनी तर पोराचा पासपोर्ट काढून ठेवला आहे. तू त्याला घेऊन जाणार म्हणे.

तू काय म्हणतोस?

आक्का


शहागंज
१४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

काय म्हणतो? येतो म्हणतो! आपली संस्कृती बोहल्यावर चढणार आणि मी बॅगेत डोकं घालून बसणार का? ती शाळेत जायच्या वयाची असताना माझ्या पाठीवर बसून सबंध पाचोडचा बाजार फिरायची. हाताला धरून मी तिला मांडवात आणणार, मंगलाष्टकं होईपर्यंत मागं उभा राहणार, आणि मामाचा फेटा बांधून घेणार. सगळं ठरवलं आहे. विमानाची चिंता करू नको. मालक एक दिवसाला भारीतली बॅग देतो म्हणाला. शहागंजात खजूर मिळतो, अत्तर मिळतं. दुबईत जे मिळतं ते सगळं इथं मिळतं, फक्त दुबई मिळत नाही. नाहीतरी ह्या अंगानं मी नवरीच्या मागं उभा राहिलो तर लोक अक्षता टाकायच्या विसरून मलाच बघत बसतील.

माझ्या संशोधनाचं विचारशील तर मी त्याची पार वाट लावली आहे. आपल्याकडे माणसाला 'कसं काय?' विचारलं की तो 'बरं हाय' म्हणतो. घर पेटलं असलं तरी आधी 'बरं हाय' आणि मग बादली. त्यात मी पडलो अदबशीर. माणूस समोर बसला की आधी चहा मागवतो. चहा प्यायलेला माणूस तोंडावर एक कसा देणार? सखाराम म्हणून एक जण आहेत, त्यांनी पहिल्या प्रश्नालाच विचारलं, 'ही त्या पोरीची परीक्षा हाय ना? मग समदीकडं पाच लिवा. लेकरू पास व्हायला पायजे.' मी समजावलं की काका, परीक्षा तिची नाही, तुमची आहे. तर म्हणाले, 'मग तर लिवाच.'

फक्त पाण्याच्या प्रश्नाला कोणी लाजत नाही. तब्येत विचारली तर 'बरं हाय', नळाचं विचारलं तर अर्धा तास. मॅडमनं तक्ता बघितला आणि म्हणाली, 'काका, ह्या शहरात सगळे सुखी आहेत आणि सगळे तहानलेले आहेत.'

एक बाई मात्र मनातून जात नाहीत. मुक्ताबाई. नातेवाइकांच्या आधाराला किती, असं विचारलं तर म्हणाल्या, 'सणाला जेवायला बोलवत्यात. पण माझं ताट मलाच घासाया लावत्यात, दुसऱ्या कुणाचं नाय. ह्याला किती देत असत्यात?' मग त्यांनीच तीन दिले. म्हणाल्या, 'बोलवत्यात तरी.'

मी मनात म्हटलं, आपले पाच आहेत. आपली आक्का आहे.

फेट्याचा रंग कळव.

सुदा


पाचोड
९ मार्च २०२५

चि. सुदर्शन,

पत्राला उशीर झाला. लग्नाची गडबड.

तू येऊ नयेस असं आम्ही दोघांनी ठरवलं. कंपनीनं रजा नाकारली असं घरात सांगितलं आहे. आत्याबाईंनी कंपनीला दोन दिवस शिव्या दिल्या. नवरीला मांडवात आणायला रामकिसन उभा राहील. चुलत असला तरी मामाच आहे.

मे महिन्याचं ऊन तुला झेपायचं नाही. तब्येतीला जप. गोळी चुकवू नकोस.

आक्का


शहागंज
२० मार्च २०२५

सौ. आशाबाई यांस,

कंपनीचं पत्र मिळालं. रजा नामंजूर.

आठ वर्षं कंपनीची इमानदारीनं नोकरी केली. गावात तुमचं नाव राखलं. तुझ्या घरात फ्रीज आला तो मी पाठवला म्हणे, मिक्सर मी पाठवला म्हणे. तो फ्रीज मी अजून उघडून पाहिलेला नाही. चांगला गार होतो ना?

अपेक्षा मॅडमकडे गेलो होतो. म्हटलं, माझ्या एका उत्तरात दुरुस्ती करायची आहे. नातेवाइकांच्या आधाराला पाच लिहिले होते, ते खोडून एक करा. ती म्हणाली, 'काका, पहिल्या फेरीची उत्तरं बंद झाली. आता जुलैत दुसरी फेरी, तेव्हा सांगा.' म्हणजे कागदावर मी जुलैपर्यंत सुखी आहे.

आक्का, चेष्टा करायचं ठरवलं होतं, जमत नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पाचोडात ज्या माणसाचा एवढा मान आहे, ज्याची लग्नात वाट बघतात, त्याचा दर्जा नक्कीच पाच असेल. पण तो दुबईत राहतो. मी इथं राहतो. तुला त्याची लाज वाटत नाही, माझी वाटते.

फेटा केशरी असला तर रामकिसनला शोभणार नाही. त्याचा रंग काळा आहे. एवढंच.

सुदर्शन


पाचोड
२७ मार्च २०२५

सुदा,

मूर्खा, लाज वाटली असती तर आठ वर्षं खोटं बोलत बसले असते का? तोडून मोकळी झाले असते. खोटं बोलायला काय कमी कष्ट पडतात? तुझा दुबईचा पगार, तुझ्या खोलीची खिडकी, तुझ्या अरब साहेबाचा स्वभाव, सगळं मलाच लक्षात ठेवावं लागतं. परवा आत्याबाईंनी विचारलं, 'साहेबाच्या पोराचं बारसं झालं का?' मला आठवेना की त्याला पोरगं मी कधी दिलं.

खरं सांगते. मी तुला शेवटचं पाहिलं ते त्या खाटेवर. चादर वर केली तर खाली माणूस आहे का नाही कळेना, असा झाला होतास. नंतर मी आले नाही, कारण शहरात यायचं तर सोबत घरचं कोणीतरी येणार. तू पत्रात 'बरा आहे' लिहितोस. पण तू तर पेटलेल्या घरातही तेच लिहिणार, हे तूच सांगितलंस. मग तुझे ते दोन वाचले. आरशासमोर उभं राहवत नाही, ह्या अंगानं मांडवात आलो तर लोक मलाच बघतील, हे वाचलं आणि त्या दिवशी अंगणवाडीत पोरांना गाणं शिकवताना मला रडूच फुटलं. मग पहिल्यांदाच ह्यांना सगळं सांगून पत्र दाखवलं. हे म्हणाले, 'त्याला तसा चारशे माणसांत उभा करायचा? एक जण काही बोललं तर तो पुन्हा खाटेवर जाईल.' म्हणून रजा नामंजूर केली.

तू तिथं उभा राहावंस हे माझ्याइतकं कोणाला वाटत असेल? पण तुला बघून कोणी कुजबुजलेलं मला सोसायचं नाही, रे.

आता तरी खरं लिही. किती वाळलास?

आक्का


शहागंज
३ एप्रिल २०२५

आक्का,

सोबतचा फोटो नीट बघ. बॅगेच्या शेजारी उभा आहे तो मी. नाही, तो मालक नाही, मीच आहे. शर्टाचं मधलं बटण लागत नाही म्हणून हात तिथं ठेवला आहे. लोकांना वाटतं मी अदबीनं उभा आहे.

अगं बाई, ते दोन गुण मी माझ्या पोटाला दिले होते! गोळ्या लागू पडल्या, भूक आली, आणि शहागंजात नानखटाई ताजी मिळते. पूर्वी माझ्याकडे बघून लोक 'काय झालं ह्याला' म्हणायचे, आता 'काय खातो हा' म्हणतात. ह्या अंगानं मांडवात उभा राहिलो तर लोक मलाच बघतील, कारण माझ्यामागं नवरदेव दिसणार नाही! आणि तू तिकडे पोरांच्या गाण्यात रडत होतीस. मी हसत हसत लिहितो आणि माणसं रडतात, हा माझा नेहमीचा गुण. मॅडमकडे त्याला प्रश्न नाही.

पण मी तुला एवढे दिवस एक फोटो का पाठवला नाही, ते आता मलाच कळत नाही. बहुतेक दुबईत उन्हामुळे फोटो काढत नसतील.

आता नीट ऐक. माझं पोट बघितल्यावर मी दुबईहून आलो ह्यावर साऱ्या पाचोडचा विश्वास बसेल. बॅग आहे, अत्तर आहे. आपलं खोटं आता पहिल्यांदाच खरं दिसायला लागलं आहे. आणि नेमकं आताच मला ते नको झालं आहे. आठ वर्षांनी भाचीचा हात धरायचा आणि तोही त्या दुसऱ्याच माणसानं? मी येईन तर शहागंजातून, एसटीनं येईन. तुला चालणार नसेल तर रामकिसनला फेटा बांध, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण पत्र लिहीत राहीन.

सुदा


पाचोड
१० एप्रिल २०२५

फोटो डब्यात ठेवला आहे, दिवसातून चारदा बघते. ये. दुबईचं काय करायचं ते मांडवात बघू. फेटा गुलाबी आहे.

आक्का


पाचोड
२२ जून २०२५

सुदा,

लग्नाला महिना उलटून गेला. पत्र लिहायला बसायची आणि कोणीतरी यायचं. आता सगळं सांगते.

'मांडवात बघू' म्हटलं होतं, सगळ्यांसमोर दुबई बुडव असं नव्हतं म्हटलं. कडुबा धावत आले, 'साहेब, तिकडं गरमी किती हाय?' आणि तू शांतपणे म्हणालास, 'मला काय माहीत, मी शहागंजात राहतो. तुमची बॅग टिकली का?' मला वाटलं आता भूमी दुभंगावी. कडुबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना तुझ्या आजाराबिजाराचं काही माहीत नाही. त्यांचं दुःख त्या पासपोर्टाचं आहे.

मग आत्याबाईंनी तुला आत बोलावलं. मी दाराबाहेर अक्षतांचं ताट घेऊन उभी होते. तू त्यांना सगळं सांगितलंस, आजाराचं नावही सांगितलंस, आणि तेही मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून. बाहेर बँड वाजत होता म्हणून वाचलो. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी विचारलं, 'गोळ्या किती?' तू म्हणालास, 'रोज एक.' तर म्हणाल्या, 'एकच? मला पाच हाईत, तरी गुडघे तसेच.'

मग म्हणाल्या, 'फेटा बांधून घ्या, मुहूर्त चाललाय. पोरीला मामा दोन असले तर काय बिघडतंय? पण सुदर्शन, आमच्या पणतूला, माऊलीला तेवढं उचलून घेऊ नगा. मला हे अजून समजलं नाय. समजलं की सांगते.'

तू 'हो' म्हणालास. संस्कृतीला घेऊन आलास तेव्हा तिनं तुझा हात असा धरला होता, की रामकिसनला धरायला नुसती कोपराची जागा उरली. मी बघत होते. पण नंतरचंही बघितलं. माझा नातू माऊली तुझ्या पायाशी रांगत आला, तुझी पॅंट धरून उभा राहिला आणि वर बघून हसला. तू दोन्ही हात मागं बांधून घेतलेस. जेवणं होईपर्यंत हात मागंच होते तुझे. मला तेव्हा आत्याबाईंचा इतका राग आला, की मी त्यांना मठ्ठा वाढलाच नाही.

धाकट्या भावजींना ह्यांच्याकडून तुझ्या आजाराचं कळलं आणि ते न जेवता उठून गेले. तेही सांगून टाकते, तुला दुसरीकडून कळायला नको. अजून त्यांचं येणं नाही. येतील तेव्हा येतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या आठवड्यात आत्याबाई गुडघ्याच्या गोळ्या आणायला उपकेंद्रात गेल्या आणि तिथल्या सिस्टरला तासभर धरून बसल्या. म्हणाल्या, 'पिशोरच्या एका बाईचा भाऊ हाय, त्याला असं असं हाय.' पिशोरचं नाव उगाच घातलं. आपल्या घराण्याला खोटं बोलायला गाव लागतंच. सिस्टरनं सगळं सांगितलं. उचलल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, कशानं नाही. घरी येऊन पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, 'त्याला लिव. म्हणावं, समजलं.'

मी म्हटलं, 'एवढंच लिहू?'

म्हणाल्या, 'आन् म्हणावं, माऊलीचं जावळ काढायचंय. लेकराला मांडीवर घ्यायला मामा लागतो. त्याच्या आईला भाऊ नाय. बापाचा मामा चालतो, मी भटजीला इचारलंय.'

चार जुलैला ये. पत्र मुद्दाम घरून, दारातल्या पोस्टमनच्या हातात देऊन पाठवते आहे.

आक्का


शहागंज
९ जुलै २०२५

आक्का,

हे पत्र घरच्या पत्त्यावर. आत्याबाईंना वाचून दाखव, आणि मोठ्यानं.

जावळाच्या दिवशी तुम्ही सगळे लेकराकडे बघत होता म्हणून बरं झालं. न्हावी कात्री चालवत होता आणि माऊली माझा अंगठा धरून बसला होता. सगळ्यांना वाटलं लेकरू घाबरेल म्हणून मी त्याला धरलं आहे. मीच घाबरलो होतो. माझ्या मांडीवर आठ वर्षांत कोणी बसलं नव्हतं. शेवटी त्यानं माझी पॅंट ओली केली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, 'घ्या, पावती मिळाली.'

त्याच संध्याकाळी एसटीतून उतरलो तर दुकानात अपेक्षा मॅडम येऊन बसलेली. दुसरी फेरी. तिच्या कॉलेजात तारीख भरत आली होती, माझ्यासाठी थांबणार नव्हती. वाळलेल्या पॅंटवर तसाच उत्तरं द्यायला बसलो.

झोप पाच. दिसणं पुन्हा दोन. तुझ्याकडच्या पुरणपोळ्या, मी काय करणार? मग तो प्रश्न आला. नातेवाइकांच्या आधाराबद्दल किती समाधानी आहात? मी पाच म्हटलं. मॅडमनं मागची पानं काढली, बोट ठेवून बघितलं आणि म्हणाली, 'मागच्या वेळी पाच, आता पाच. फरक शून्य. म्हणजे काका, सहा महिन्यांत तुमच्या आयुष्यात काहीच बदललं नाही?'

सांगायला तोंड उघडलं. दुबईपासून सुरू करावं तर पोरगी रात्रीपर्यंत उठली नसती. आणि मागचे पाच खोटे होते हे सांगून उपयोग नव्हता, ते बंद झालेले. खाली बघितलं तर पॅंटच्या शिवणीत माऊलीचे बारीक बारीक केस चिकटलेले होते.

म्हटलं, 'लिहा शून्य.'

ती लिहून गेली. तिच्या अभ्यासात तुझा भाऊ आता कायमचा जिथं होता तिथंच राहणार.

मालक रोज म्हणतो, अरे ती पॅंट धुवायला टाक, गिऱ्हाइकाला वास येतो. टाकतो म्हणतो. अजून टाकली नाही, आक्का. धुतली की केस जातील.

तुझा शहागंजचा,
सुदा